थांबा सर

आमच्या ऑफिसात ‘झालं’ हा शब्द सगळ्यांकडे होता, ‘थांबा’ मात्र एकाच माणसाकडे. नाव बागवान सर, इंदापूरच्या फळवाल्यांच्या घरातले. बारामतीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. तिथं आम्ही तिघं पोरं त्यांना पाठीमागं ‘थांबा सर’च म्हणायचो. प्रोग्रॅम लिहून, डोळे चोळत तुम्ही ‘झालं सर’ म्हणावं, की हे चष्मा कपाळावर चढवणार आणि म्हणणार, “थांबा. कुणासाठी झालं?”

वैताग यायचा हो! सकाळी एक दुरुस्त करावं, तर दुपारपर्यंत दुसरं दोन ठिकाणी बिघडलेलं. वर गिऱ्हाइकाचे फोन, मालकांच्या हाका, आणि त्यात हे. “कॉम्प्युटरला घाई नसती रे,” म्हणायचे, “घाई मालकाला असती.” मालक शेजारच्या केबिनमध्ये बसलेले असले तरी सरांचा आवाज काही खाली यायचा नाही.

दुसरी खोड म्हणजे, ज्याच्यासाठी प्रोग्रॅम करायचा त्याच्या दारात आधी एक दिवस बसून यायचं. लासुर्ण्याकडच्या एका पाणी वापर संस्थेचं काम आलं होतं. कालव्याच्या पाण्याची पाळी कधी आहे ते शेतकऱ्याला मोबाइलवर कळवायचं, एवढंच. सर मला भर उन्हात स्कूटरवर घेऊन गेले. संस्थेच्या बाकावर बसून शेतकऱ्यांची यादी चाळता चाळता त्यांनी विचारलं, “तुझ्या वडलांच्या नावापुढं नंबर कुणाचा असतो?”

“माझाच,” मी म्हणालो. आईवडील लोणी भापकरला, मी बारामतीत खोली करून. “घरचं सगळं माझ्याच फोनवर येतं. गॅसच्या नंबरापासून दवाखान्याच्या तारखेपर्यंत.”

“मग ही यादी बी तसलीच असणार. एकेकाला फोन लावायचा, नंबर खरा कुणाचा ते इचारायचं. त्याबिगर चालू करायचं न्हाय.”

तीनशे नावं! पन्नास-साठ फोन झाले आणि माझा जीव मेटाकुटीला आला. कुणी उचलत नाही, कुणी उचलून शिव्या देतंय. तेवढ्यात सर भाचीच्या लग्नाला अकलूजला गेले. मालक रोज विचारत होते, झालं का? मी मनाशीच म्हटलं, झालं. आणि कुणाला न सांगता दिलं चालू करून. सुटलो एकदाचा, असंच वाटलं.

मेसेज सुरू झाले म्हणून गाडीवरून पाळी सांगत फिरणारा पाटकरी घरी बसला. कळंबच्या एका आबांचा मेसेज गेला पुण्याला, त्यांच्या पोराच्या फोनवर. पोरगा कंपनीत ड्यूटीवर, फोन गेटवर जमा. इकडं आबांचा फ्लॉवर गड्डा धरायला आलेला आणि पाळी हुकली. पुढची तीन आठवड्यांनी. सर लग्नाहून आले, ऑफिसात कॉम्प्युटरसमोर घटकाभर बसले आणि मला घेऊन थेट आबांच्या रानात. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. सुकलेलं पान हातात चुरगाळत ते म्हणाले, “आमचं पाणी पुण्याला गेलं बगा, सायेब.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना उभं केलं. यादी न तपासता चालू कुणी केलं? मी टेबलाकडं बघत राहिलो. सर म्हणाले, “मीच फोनवरनं परवानगी दिली.”

मी त्यांना फोन केलाच नव्हता.

महिनाअखेरीला सरांना जायला सांगितलं. डबा, चष्म्याचं घर आणि एक जुनी वही पिशवीत टाकत मला एवढंच म्हणाले, “राहिलेले फोन लाव.” मी लावले. एकूणएक लावले. शिव्या देणाऱ्यांनाही परत लावले.

इंदापूरला त्यांच्या दुकानात जायला मला दोन वर्षं लागली. कितीदा एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत फिरलो होतो. सर पेरू निवडत बसले होते, चष्मा तसाच कपाळावर. मी उभ्या उभ्याच म्हणालो, “सर, ते चालू मी केलं होतं.”

“ठावं हाय,” ते म्हणाले. “कुणी काय केलं ते मशीन लिहून ठेवतंय की. आबांच्या रानात जायच्या आधीच बघितलं हुतं.”

“मग मालकांना सांगितलं का नाही?”

हातातला पेरू पुसून त्यांनी माझ्यापुढं धरला.

“मला घरचं दुकान हुतं. तुझ्या घरचं समदं तुझ्याच फोनवर येतं, म्हणला हुतास की तू.”