राजा आता स्वतः बोलतो

यार, लहानपणीचा आमचा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम नव्या रूपात आलाय! आज सकाळी गुडगावच्या फ्लॅटमध्ये लावला.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये खेळायचो तेव्हा त्यातली पात्रं बोलत नसत, नुसत्या इंग्रजी ओळी उमटत. मला त्या समजत नसत. ऑफिसातून आल्यावर बाबा शेजारी बसून मराठीत सांगायचे, गेममधल्या राजाचा जाड आवाज काढून.

आता राजा स्वतःच बोलतो. ते ऐकून आई बाहेर आली. "हा कोण? राजा असा नव्हता बोलत."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी गेमचा आवाज बंद केला आणि ओळी मराठीत वाचू लागलो.

"सावकाश," आई शेजारी बसत म्हणाली. "ते घाई करायचे नाहीत."

बाबांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. तुम्ही ठेवलंय का कोणाचं?