दोन खिडक्यांमधली फळी

माझी आत्या शर्टांना काजं करते, बटणं लावते. तिची मैत्रीण शर्ट शिवते. दोघींच्या इमारती वेगळ्या, मध्ये जेमतेम हातभर फट, पण खिडक्या अगदी समोरासमोर. शर्ट द्यायला-घ्यायला दर वेळी उठायचा आत्याला कंटाळा, म्हणून तिने दोन्ही चौकटींमध्ये एक जाड फळी घट्ट ठोकून बसवली होती. पलीकडून शर्ट सरकत यायचा, बटणं लावून परत जायचा आणि त्याच्यासोबत दोन्ही इमारतींच्या भानगडी.

फटीत कचरा साठला, उंदीर माजले, तेव्हा रहिवाशांनी ती सिमेंटने भरून टाकायचं ठरवलं. म्हणजे खिडकी बंद, धंदा बंद आणि गप्पाही बंद. आत्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

तिच्या नशिबाने सल्ल्याला बोलावलेला इंजिनियर फट भरू नका म्हणाला. एक इमारत चार मजली, दुसरी सात मजली. भूकंपात दोघी आपापल्या चालीने डोलणार, मध्ये मोकळी जागा नसली तर एकमेकींवर आपटणार. जाता जाता आत्याच्या फळीकडे बोट दाखवून तीही आजच काढा, असं त्याने तिला बजावलं.

आत्याने पहिलं ऐकलं, दुसऱ्याकडे सोयीस्कर कानाडोळा केला. सभेत ती भूकंपावर अशी काही बोलली, जणू भूकंप तिच्या माहेरचाच. लोक कंटाळून गप्प बसले. फट राहिली आणि फळीही. पुढे इंजिनियर रस्त्यात दिसला की आत्या गुपचूप वाट बदलायची.

मग एका दुपारी जमीन खरंच हलली. इमारती डोलल्या, फट आवळली, पुन्हा उघडली. भिंतीला भिंत कुठे लागली नाही. आवळताना फळीने मात्र पलीकडची चौकट आत ढकलली, चार विटा सुटल्या आणि शिलाई मशीन धाडकन खाली आलं.

सगळे खाली पळत सुटले. अंगणात लोक आत्याच्या दूरदृष्टीचं कौतुक करायला लागले, आणि ही बाई मैत्रीण दिसेना म्हणून शेजारच्या इमारतीचा जिना चढत होती. जमीन पुन्हा हलली असती तर? मला इतका राग आला होता तिचा! वर जाऊन तिला दार कुठलं तेच कळेना. इतक्या वर्षांत ती खिडकीपलीकडे कधी गेलीच नव्हती.

मैत्रीण जमिनीवर बसली होती. मशीन तिच्या पायाला चाटून पडलं होतं.

"फळी काढायला सांगितली होती त्याने," आत्या दारातूनच म्हणाली. "मी तुला बोललेच नाही."

मैत्रिणीने हात पुढे केला. "आधी मला उठव," ती म्हणाली. "मग भांडू."

भांडण झालं, चांगलं आठवडाभर चाललं. फळी गेली. आता प्रत्येक शर्टाला दोघी उठतात, खिडकीतून हात लांब करतात. आत्या वाकून आधी मैत्रिणीच्या पायाकडे बघते, मग शर्ट घेते.