चोविसाव्या रात्रीचं छप्पर

राजसबाईला मद्रासच्या रस्त्यांची नावं सांगता यायची नाहीत. पण कुठल्या रस्त्याला कुठं सावली संपते आणि कुठल्या घरी कुत्रं सुटं असतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगायची. वेस्ट मांबलमच्या तिच्या घरापासून मैलापूर तीन मैल. बावीस वर्षं, सणवार सोडून रोज, आप्पळांचा पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन ती तिथं चालत गेली आणि रिकामा डबा काखेत मारून चालत आली. आप्पळ म्हणजे आपला उडदाचाच पापड, पण पातळ आणि तेलात सोडला की थाळीएवढा फुगणारा. नवरा गेला तेव्हा मुलगा गुरुराज सात वर्षांचा. त्याला मॅट्रिक केला, जॉर्ज टाउनातल्या जहाजवाल्या कंपनीत कारकून म्हणून चिकटवला, तो याच डब्याच्या जिवावर.

अशा बाईनं बावन्नाव्या वर्षी रामेश्वरला पायी जायचं काढलं तर त्यात तोंडाचा आ करण्यासारखं काय होतं? पण गुरुराजनं केला.

"अम्मा, नवस मला मान्य आहे. रेल्वेनं जाऊं. मी रजा काढतों."

"बोलणं पायांचं झालंय रे. चाकांचं नाही."

बोलणं केलं होतं ते सासूनं. राजसबाईच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि पाळणा काही हलेना, तेव्हा सासूनं रामेश्वराला परस्पर सांगून टाकलं, 'पोरगा दे, सून पायी येईल.' सुनेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. म्हातारीचा कारभारच तसा. नवस स्वतःचा, पाय सुनेचे. पोरगा झाला. पुढं सासू गेली, नवरा गेला, आणि देणं तेवढं मागं राहिलं.

"वाटेत पडलीस तर?" गुरुराजनं विचारलं.

"उठेन."

"आणि रात्री झोपशील कोठें?"

प्रश्न खरा होता. गुरुराज कारकून माणूस, खरा प्रश्न सापडला की त्याला सोडायचा नाही. त्यानं पट्टी घेऊन एका कागदावर चौतीस ओळी आखल्या. मांबलमपासून समुद्रकाठच्या मंडपमपर्यंत तीनशे चाळीस मैल, रोजचे दहा. मंडपमच्या पुढं समुद्र, त्यावर रेल्वेचाच पूल. तेवढं पाणी सगळेच गाडीनं ओलांडतात आणि देवही ते मनावर घेत नाही.

"चौतीस रात्री, चौतीस छपरं," तो म्हणाला. "प्रत्येक ओळीत गाव, घरवाल्याचं नांव, आणि त्याचं 'या' म्हणून पत्र. जानेवारीत पोंगल झाला की निघ, मी आडवा येत नाही. पण एक ओळ जरी कोरी राहिली, तरी मी एग्मोरला जाऊन तिकिट काढीन आणि तूं मुकाट्यानं गाडींत बसशील. घे शपथ."

राजसबाईनं शपथ घेतली. घेतली ती त्याच्याच टाळूवर हात ठेवून, म्हणजे मोडायची सोय उरली नाही.

सोबतीला होता तिचा दीर तुळजाजी. वय छप्पन्न, सरकारी कचेरीतून नुकताच पेन्शनीत निघालेला, पाय बारीक आणि तोंड मोठं. त्याचा आजा तंजावरच्या मराठी राजवाड्याच्या चाकरीत होता, छत्रांच्या खात्यावर. रामेश्वरच्या वाटेवर राण्यांनी बांधलेली छत्रं, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन वेळा पानावर जेवण आणि रात्रीला ओसरी. आज्याच्या हातची मोडी वही तुळजाजीनं रेशमी फडक्यात बांधून ठेवली होती. चौतीस ओळींचा कागद बघून तो हसायला लागला.

"वहिनी, काळजी कसली करतां? तंजावरपुढं सगळी आपलीच छत्रं. राणीसाहेबांचं लिहिणं आहे, येईल त्यास अन्न नि निवारा. मी पत्रं घालतों."

आणि त्यानं घातली. पाच छत्रांना पाच पत्रं. पत्ते तमिळमध्ये लिहिले, तेवढं डोकं होतं. पण आतला मजकूर? मोडीत. बोरूनं, झोकात, वर श्री काढून. कारण छत्र आपलं, मग लिपी आपली नको?

महिनाभरानं एकच पत्र परत आलं. सोबत हेडमास्तरची चिठ्ठी: 'हे छत्र आता मुलांची शाळा आणि वसतिगृह आहे. आपलं पत्र आम्हांपैकी कोणास वाचता आले नाही. तेलुगूच्या पंडितांनाही दाखवले. काही वाईट बातमी नसावी अशी आशा करतो.'

राजसबाईनं चिठ्ठी दोनदा वाचून घेतली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तुळजाजी उठून अंगणात गेला.

"भावजी, आंत या," ती म्हणाली. "राणीसाहेब वारल्या, हें तिकडे सगळ्यांस कळलंय. तुम्हांसच कळायचं राहिलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं काम आपल्या हातात घेतलं. मैलापुरात तिची त्रेपन्न घरं होती. कुणी रेल्वेत, कुणी शाळेत, कुणी कोर्टात. पण मद्रासेत कुणीच मूळचं नसतं, प्रत्येकाचं एक ऊर, म्हणजे मूळ गाव, असतं, दक्षिणेकडं कुठंतरी, जिथं म्हातारी आई नाहीतर थोरला भाऊ घर धरून बसलेला. राजसबाई दारात डबा उतरवायची, झाकण उघडायची नाही आणि विचारायची, "मामी, तुमचं ऊर कोणतं?"

"का गं, आज आप्पळ द्यायचे नाहीत का?"

"देतें. आधी ऊर सांगा. घराला ओटा आहे ना? मग एक रात्र माझी."

तिकडच्या घराला रस्त्याकडून ओटा असतोच, तिण्णै म्हणतात त्याला, वाटसरूनं पाठ टेकावी म्हणूनच बांधलेला. मागायला लाजण्यासारखं त्यात काही नाही. मैलापुरातून पत्रं सुटायला लागली. राजसबाईला लिहिता येत नव्हतं, पण यादी डोक्यात पक्की बसली, आप्पळांच्या हिशेबानं. मिरीचे आप्पळ घेणाऱ्यांचं ऊर तिंडिवनम. लहान घेऊन मोठ्यांची तक्रार करणाऱ्यांचं चिदंबरम. दर खेपेला एक फुटका परत करणारी बाई शियाळीची. तिलाही तिनं सोडलं नाही. फुटक्याच्या बदली ओटा लिहून घेतला.

लिहायचं काम कामाक्षीमामीकडं. ही बाई शाळेत तमिळ शिकवून निवृत्त झालेली, अक्षर मोत्यासारखं आणि जीभ तिखट. पहिल्या रात्रीचं घरही तिनंच दिलेलं, तांबरमला तिची धाकटी बहीण अलमेलू राहायची. दीड महिन्यात गुरुराजच्या कागदावर तेहेतीस ओळी भरल्या.

कोरी राहिली चोविसावी.

तंजावर मागं टाकल्यावर तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला अठरा मैलांचा माळ होता. ना गाव, ना ओटा. मधोमध एकच इमारत, तीच ती, मुलांच्या शाळेचं छत्र. कामाक्षीमामीनं हेडमास्तरला स्वच्छ तमिळमध्ये पत्र लिहिलं. उत्तरही स्वच्छ आलं: शाळा चालू असताना मुलांच्या वसतिगृहात बाईमाणसाला रात्री राहू देता येत नाही, नियम आहे, क्षमा असावी.

गुरुराजनं ते वाचलं. मनातून त्याला सुटल्यासारखं झालं असावं, कारण आवाज एकदम गोड झाला.

"अम्मा, तूं पुष्कळ केलंस. तेहेतीस म्हणजे थोडं नाही. पण शपथ..."

"शपथ मला पाठ आहे," राजसबाई म्हणाली. "तूं पोंगलपर्यंत थांब."

आता तिच्या मनात काय होतं? खरं तर काहीच नव्हतं. पायांना सवय होती, म्हणून ती सकाळी डबा घेऊन मैलापूरला गेली. कामाक्षीमामीच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "तें पत्र पुन्हा वाचा. हळू."

कामाक्षीमामीनं वाचलं. "शाळा चालू असताना..."

"थांबा. मग बंद केव्हां असते?"

मामीनं चष्मा काढला. तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, तिला पंचांग बघायला लागत नव्हतं. "सहामाही परीक्षा झाल्या की. नाताळात. दहा दिवस एक पोर दिसायचं नाही."

राजसबाईनं बोटांची पेरं मोजली. मोजून झाल्यावर पुन्हा उलटी मोजली. नाताळात चोविसावी रात्र यायची तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मांबलम सोडायला हवं.

"वेडी झालीस?" कामाक्षीमामी म्हणाली. "पोंगलनंतर तै महिन्यात लग्नं. त्यांचे आप्पळ तू त्याआधी मार्गळीत, ऐन डिसेंबरात लाटतेस. वर्षाची कमाई ती."

"लग्नाची अकरा घरं आहेत," राजसबाई म्हणाली. "लिहा पत्र."

या खेपेचं उत्तर आठ दिवसांत आलं. सुट्टीत येत असाल तर अवश्य या, पहारेकरी ओसरी उघडून देईल. मात्र आचारी गावी गेलेला असतो, जेवणाची सोय होणार नाही.

"आचारी मेला हवाय कोणास!" राजसबाई म्हणाली आणि त्या दिवशी तिनं कामाक्षीमामीला मिरीचे पंचवीस आप्पळ तसेच दिले.

घरी येऊन तिनं पत्र गुरुराजच्या पुढं ठेवलं. त्यानं तारीख बघितली, कागद बघितला, मग आईकडं बघितलं.

"डिसेंबरांत? आणि लग्नांचे आप्पळ?"

"सोडले."

"अकराच्या अकरा?"

"दुसऱ्या बाईचं घर दाखवून आलें. तिचे जरा जाड होतात, पण लग्न मोडायचं नाही त्यानं."

गुरुराजच्या जन्मात ह्या बाईनं लग्नाची ऑर्डर सोडलेली त्यानं पाहिली नव्हती. त्याला गोवर निघाला होता तेव्हासुद्धा एका हातानं त्याला वारा घालत दुसऱ्या हातानं लाटत होती. त्यानं टाक उचलला आणि चोविसाव्या ओळीत छत्राचं नाव घातलं, खाली हेडमास्तरचं.

"सरी," तो म्हणाला. आपल्याकडं 'बरं' म्हणतात तसं.

पण बरं म्हणणारा माणूस स्वस्थ बसतोच असं नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं आईच्या गाठोड्यात कंदील घातला, दुसरी कांबळ घातली, टॉनिकची बाटली, पट्ट्यांचा डबा आणि एक भलीमोठी काळी छत्री. राजसबाईनं एका शब्दानं हरकत घेतली नाही. तिनं स्वतः काय घातलं? दोन लुगडी, एक कांबळ, उडदाचं पीठ, पापडखार, लाटणं.

पाऊस सरला होता. सकाळी सहाला दोघं निघाली. टाचांना तिनं पंधरा दिवस एरंडेल चोळलं होतं आणि पाय उघडेच होते. तुळजाजीनं पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते, काखेत रेशमी फडक्यातली वही.

"ती कशाला हो?" राजसबाईनं विचारलं.

"वाटेंत एखादं छत्र भेटलं तर!"

"भेटलं तर त्यास वाचून दाखवा."

गुरुराज सैदापेटच्या पुलापर्यंत बरोबर गेला. मग कचेरीची वेळ झाली म्हणून मागं फिरला. संध्याकाळी बीच स्टेशनवरून विजेच्या गाडीत बसला. मांबलम आलं, तो उतरला नाही. तसाच तांबरमपर्यंत गेला. अकरा मैल. आई आडवी पडलेली असणार, पाय सुजलेले असणार, गोड बोलून परत आणायची, असं सगळं त्यानं गाडीत जुळवून ठेवलं होतं.

अलमेलूच्या ओट्यावर आडवा पडलेला होता तुळजाजी. बूट कोपऱ्यात, पाय मिठाच्या पाण्याच्या टोपात, वही उशाला.

"ये, गुरुराज," तो क्षीण आवाजात म्हणाला. "तुझी अम्मा आंत आहे. ती माणूस नाही."

आत राजसबाई फतकल मारून पीठ मळत होती. अलमेलू आणि शेजारच्या दोघी लाटायला बसल्या होत्या.

"तुमची आई दोन वाजताच आली," अलमेलू म्हणाली. "येऊन घोटभर ताक प्याली आणि मला म्हणते, तुमचं लाटणं जड आहे, हातावर फोड येतील. माझ्याच घरात येऊन!"

"जडच आहे," राजसबाई म्हणाली. "बरं झालं आलास रे. कागद काढ."

त्यानं यादी काढली. पिठाच्या बोटानं तिनं पहिल्या ओळीवर आडवी रेघ मारली. पांढरा पट्टा उमटला.

"आता तें गाठोडं सोड. कंदील घे, घरीं ने. कांबळ ने. बाटली ने. ही छत्री तर रामेश्वराच्या देवळास पुरेल, तीही ने."

"मग सकाळींच कां नाही सांगितलंस? अकरा मैल वाहिलीस!"

"तुझी घालायची हौस होती. आणि तूं संध्याकाळीं येणार, हें मला ठाऊक होतं. न्यायला माणूस आयता."

शेजारणी हसल्या. गुरुराज मुकाट्यानं सामान गोळा करायला लागला. कंदील एका हातात, छत्री काखेत, कांबळ खांद्यावर. उंबऱ्यापर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला.

"आणि त्या तिकिटाचं काय?"

"कोणतं तिकिट?"

"तुझे शर्ट कोण धुतें? गुरुवारपासून खिशांत आहे. एग्मोर ते रामेश्वरम, दोन माणसं. कामाक्षीमामीकडून वाचून घेऊन पुन्हा ठेवलं तसंच."

गुरुराजचे कान लाल झाले. हात अडकलेले, त्यामुळं खिसा झाकताही येईना.

"चोविसावी ओळ भरल्यावर काढलं मी," तो म्हणाला. "समजा, एखाद्या वेळीं..."

"काढलंस तें बरं केलंस. टाकूं नकोस," राजसबाई म्हणाली आणि गोळा तोडून पाटावर ठेवला. "कचेरींत विचार, बदलून मिळतं का. तिकडून इकडचं करून आण आणि मंडपमच्या पत्त्यावर धाड. नवस जाण्याचा आहे, येण्याचा नाही."

ओट्यावरून तुळजाजी ओरडला, "माझंही कर रे! माझंही उलटं कर!"

गुरुराज कंदील सावरत स्टेशनाकडं निघाला. राजसबाईनं लाटणं फिरवून बघितलं, अलमेलूचं बाजूला सारलं, आणि आपलं घेतलं.