गाबोळी कुणाच्या ताटात?

तुमच्या घरी मासळीच्या पोटातून अंड्यांची गाबोळी निघाली, की ती कुणाच्या ताटात पडते? जावयाच्या? धाकट्या लेकाच्या? की तवा सांभाळणारीनं कुणाला पत्ता लागू न देता परस्पर तोंडात टाकलेली असते? लाजू नका. मासे खाणाऱ्या घरात गाबोळीवरून भांडण झालं नाही असं मला कुणी सांगू नये. आता दुसरं विचारते. ती तव्यावर पडली नसती तर पुढे तिचं काय झालं असतं, हे कधी मनात आलंय? नाही ना? कस्तुरी नाखवाच्याही आलं नव्हतं. भर सभेत तिच्या तोंडावर फेकलं गेलं, तेव्हा आलं.

कस्तुरी मूळची थळची कोळीण. अलिबागजवळ समुद्राला लागून तिच्या बापाचं घर, दारात होडी. पण त्या होडीत पाय ठेवायची तिला सोय नव्हती. बाईनं मासळी विकावी, सुकवावी, फाटलेलं जाळं डोळे फुटेस्तोवर शिवावं. होडीत मात्र चढू नये. लहानपणी एकदा ती लपून चढली, तर आईनं कानाखाली अशी वाजवली की दोन दिवस त्या कानात लाटाच ऐकू येत होत्या.

लग्न झालं आणि शशिधरच्या मागोमाग ती लंडनच्या हॅरोला आली. शाळेच्या किचनमध्ये नोकरी, शनिवारी वेम्बलीला जाऊन ईलिंग रोडवरून नारळ-कोथिंबीर, गणपतीत मराठी मंडळाच्या मोदकांची जबाबदारी. लेक अक्षया तिथेच जन्मली. मग शशिधरला वेल्समधल्या एका हॉस्पिटलात आयटीची नोकरी लागली आणि बिऱ्हाड केरिन नदीच्या काठच्या एका गावात गेलं. मंडळातल्या बायका म्हणाल्या, "अगं, तिथे करणार काय तू? मेंढ्या राखणार?"

"राखीन," कस्तुरी म्हणाली. "तुमच्यापेक्षा कमी ओरडतील."

पहिल्याच उन्हाळ्यात पुलावरून जाताना तिला एक म्हातारा दिसला. पाठीवर भलीमोठी टोपली पालथी घातलेली, खालून नुसते दोन पाय. कासवच चाललंय असं वाटावं. नदीकाठी त्यानं टोपली उलटी केली, पाण्यात सोडली आणि आत बसला. ती होडी होती! कोरॅकल म्हणतात तिला. दोन माणसं अशा दोन होड्यांत बसतात, मध्ये जाळं धरतात आणि एका हातानं वल्हं मारत प्रवाहाबरोबर खाली जातात. समुद्रातून अंडी घालायला नदीत वर चढणारा सॅमन मासा त्या जाळ्यात शिरतो. त्या नदीवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या काही मोजक्या घरांचंच. आपल्याकडे कोळीवाडा असतो ना, तसंच.

म्हाताऱ्याचं नाव एम्रिस. कस्तुरी रोज पुलावर उभी राहून बघायला लागली. शेवटी एके दिवशी खाली उतरली आणि विचारलं, "बायका चालतात होडीत?"

एम्रिसनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोहता येतं?"

"येतं."

"मग चालतात."

इतक्या वर्षांत इंग्रजीत ऐकलेलं हे सगळ्यात सुंदर वाक्य, असं ती अजून म्हणते.

कोरॅकल म्हणजे लबाड जनावर. जरा तोल गेला की माणूस पाण्यात. कस्तुरी इतक्यांदा पडली की काठावरच्या पबमधली माणसं आज पडते का नाही यावर पैजा लावायची. दोन उन्हाळे असे गेले. मग एम्रिसच्या जोडीदाराचे गुडघे गेले आणि एम्रिस म्हणाला, "पुढच्या हंगामात लायसन्सवर दुसरं नाव तुझं." कस्तुरीनं ही गोष्ट आईला फोनवर सांगितली नाही. होडीत बसले की सांगीन, असं तिनं ठरवलं.

आणि नेमकी त्याच हिवाळ्यात बातमी आली. केरिनमध्ये सॅमन घटला होता. खोटं कशाला बोलायचं, खरंच घटला होता. एम्रिस स्वतः सांगायचा की त्याच्या बापाच्या वेळचं पाणी चांदीचं होतं आणि आता नुसतं पाणी आहे. नदीखात्याचा प्रस्ताव असा: जाळी दहा वर्षं बंद. वरच्या अंगाला गळ टाकून बसणाऱ्या क्लबवाल्यांना मात्र मुभा, कारण ते मासा धरून परत सोडतात. दहा वर्षांनी एम्रिस कुठे असेल? नदीवर जाळ्याच्या तीनच जोड्या उरल्या होत्या, आणि सगळी माणसं सत्तरीच्या आसपासची. म्हणजे बंदी उठेल तेव्हा होडी पाण्यात घालायची कशी, हे सांगायला कुणी उरणार नाही. आणि कस्तुरी पुन्हा काठावरच.

सभा मार्चमध्ये, चॅपलच्या हॉलमध्ये होती. प्रत्येकानं खायला काहीतरी आणायचं. कस्तुरी म्हणाली, परक्याला आपलंसं करायचं तर पोटातून जावं लागतं. तिनं मासळीवाल्याकडून कॉड माशाची ताजी गाबोळी आणली, हळद-मीठ-मसाला लावला, रव्यात घोळवून खरपूस तळली.

"आई, प्लीज तो गाबोळी नको नेऊ," अक्षया नाक धरून म्हणाली.

"ती गाबोळी."

"व्हॉटेव्हर. ती पण नको."

ऐकते कोण! हॉलमध्ये एका बाजूला गळवाले, एका बाजूला जाळीवाले, मध्ये खात्याची अधिकारी मेगन आणि टेबलावर केक, सँडविच आणि गाबोळी. आधी कुणी हात लावेना. मग क्लबचा सेक्रेटरी जेराल्ड, उंच, निवृत्त माणूस, त्यानं शिष्टाचार म्हणून एक तुकडा खाल्ला. मग दुसरा.

"अप्रतिम. काय आहे हे?"

"फिश एग्ज," कस्तुरी आनंदानं म्हणाली.

"कुठून आणलीत?"

इथे घात झाला. कस्तुरीला म्हणायचं होतं, काही भारतातून मागवलेलं नाही, इथल्याच बाजारातलं आहे. ती ऐटीत म्हणाली, "फ्रॉम हिअर ओन्ली!"

जेराल्डचा हात तोंडाशीच थांबला. रव्याच्या आवरणाखाली आत काय आहे ते दिसत नव्हतं. त्यानं प्लेट खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐकलंत? आपण नदी वाचवायला जमलोय, आणि या बाई नदीची पोरं तळून घेऊन आल्यात!"

कस्तुरीला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं एक तुकडा मोडला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "बघा! नीट बघा! कॉड आहे, समुद्रातला! सॅमनची अंडी वाटाण्याएवढी असतात, एवढंही गळवाल्याला कळू नये? माझ्या बापानं आयुष्य दर्यावर काढलं, चोरी करून नाही खाल्लं आम्ही!"

जेराल्डनं चष्मा वर केला, बारीक दाणा पाहिला आणि कानापर्यंत लाल झाला. "माझी चूक झाली. माफ करा." आणि तो मनापासून म्हणाला, हे मान्य करावं लागेल.

कस्तुरी जिंकली होती. तिनं विजयानं एम्रिसकडे पाहिलं. एम्रिस प्लेटकडे बघत होता.

"कॉडचंही काही बरं चाललेलं नाही, कस्तुरी," तो हळूच म्हणाला.

आपल्याच माणसानं बोललेलं फार लागतं. तिनं हातातला तुकडा पाहिला. आत बारीक बारीक दाणे, किती ते कुणी मोजावेत! तिला एकदम थळचा पावसाळा आठवला. सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, माडाच्या झापांनी झाकलेल्या. बाप ओट्यावर जाळं विणत बसलेला. घरात सुकट आणि बोंबलांशिवाय काही नाही. ताजी मासळी मागितली की बाप एवढंच म्हणायचा, "दर्या बंद हाय." होड्या बंद, असं तो कधी म्हणाला नाही. माणसं बंद, असंही नाही.

ती जाग्यावर बसली नाही. उभ्यानंच बोलली.

"तुम्ही जाळी बंद करताय. म्हणजे माणसं बंद करताय. आमच्याकडे माणसं बंद करत नाहीत, पाणी बंद करतात. मासा अंडी घालतो तेव्हा समुद्रात कुणीच जायचं नाही. लहान नाही, मोठा नाही. मग पौर्णिमेला नारळ द्यायचा आणि सगळ्यांनी एकदम निघायचं." थोडं थांबून म्हणाली, "चोरून जाणारे असतात. आहेतच. पण त्यांना चोर म्हणतात, सभासद नाही म्हणत."

जाळीवाल्यांत हशा पिकला. जेराल्ड म्हणाला, "आम्ही मासा परत सोडतो, बाई."

"सप्टेंबर-ऑक्टोबरात पोट भरलेली मादी पाण्याबाहेर काढून फोटो काढता, मग सोडता. बाळंतपणाला निघालेल्या बाईला कुणी वाटेत फोटोला थांबवतं का?"

"सप्टेंबर आमचा सगळ्यात चांगला महिना आहे!"

"आणि जून आमचा. तुम्ही तुमचा चांगला द्या, आम्ही आमचा देतो."

एम्रिस खुर्चीतून उठला. "जून तुझा नाही द्यायला! तू अजून एक मासासुद्धा धरलेला नाहीस!"

हे खरं होतं. दोन वर्षं ज्यानं कस्तुरीला पाण्यातून ओढून काढलं, त्याच्याच घराचा महिना ती भर बाजारात देऊन बसली होती. ती म्हणाली, "चुकलं माझं. तो तुमचा आहे." आणि खाली बसली.

एम्रिस उभाच होता. मग जेराल्डकडे न बघता म्हणाला, "मोठ्या माद्या जूनमध्येच वर जातात. आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक आहे." मान त्याच्याकडे वळवली. "तो सप्टेंबर सोडत असेल, तर मी जून सोडतो."

मेगननं पेनाचं टोपण काढलं.

एका सभेत नद्या वाचत नाहीत. पुढे अजून तीन सभा झाल्या, दोनदा जेराल्ड उठून गेला, एकदा कस्तुरी. पण शेवटी खात्यानं एका हंगामापुरतं मान्य केलं: जाळी जुलैपासून, तीही मोजकेच आठवडे, मापापेक्षा मोठा मासा परत पाण्यात, गळ सप्टेंबर लागताच पाण्याबाहेर. वर्षअखेर मोजणी. मासा वाढला नाही, तर सगळंच बंद. दोन्ही बाजू कुरकुरल्या, म्हणजे वाटणी बरोबर झाली असावी.

जुलैच्या पहिल्या दिवशी काठावर सगळे जमले, जेराल्डसुद्धा. कस्तुरीनं ईलिंग रोडचा नारळ पुढे केला, तर मेगन म्हणाली, "नदीत टाकू नका हं, कचरा धरतात." मग नारळ दगडावर फोडला आणि खोबरं वाटलं. जेराल्डनं दोनदा घेतलं. "हे कुठलं?" त्यानं विचारलं.

"फ्रॉम हिअर ओन्ली," कस्तुरी म्हणाली आणि होडीत बसली.

तिसऱ्या खेपेला जाळ्याला हिसका बसला. एम्रिस पलीकडून ओरडला, "धर! धर!" तिनं जाळं आत ओढलं. मांडीवर येऊन आपटला तो सॅमन तिच्या हाताएवढा लांब, चंदेरी, संतापलेला. काठावरून शशिधर ओरडला, "कस्तू, हळद-मीठ लावून ठेवू का?"

तिनं मोजपट्टी लावली. मापापेक्षा मोठा. आयुष्यातला पहिला मासा. तिनं दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरलं, तोंड प्रवाहाकडे करून. क्षणभर तो तिच्या तळहातांत श्वास घेत राहिला. मग शेपटीचा एक फटका, आणि वरच्या दिशेनं निघून गेला.

संध्याकाळी तिनं थळला फोन लावला.

"पयलाच मासा, न् सोरून दिलास?" आई किंचाळली.

"नियम हाय, आये."

मग आईचा आवाज खाली आला. "होरीत बसलेलीस ना पन?"

"बसलेले."

"कसा वाटला गो?"

ज्या हातानं कानाखाली वाजवली, त्याच हातात तो फोन होता. कस्तुरीनं सांगायला सुरुवात केली आणि अक्षयानं जेवायला तीनदा हाका मारल्या, तरी तिचं सांगणं संपेना.

वर्षअखेरची मोजणी अजून व्हायची आहे. मासा वाढेल की नाही, माहीत नाही. पण तोवर तुम्ही एक करा. थळला असा, हॅरोला असा, नाही तर कुठल्याही बाजारात. पुढच्या वेळी कुणी पोट फुगलेली मासळी समोर धरून "गाबोळीची आहे, घ्या" म्हणालं, तर हात पुढे करण्याआधी विचारा, हिचे विणीचे दिवस कोणते? आणि तेच चालू असतील, तर ती घेऊ नका.