मामांच्या गलमिश्या

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. नोकरी लागली ती नांदेडला, आगीच्या बंबावर. "एवढं शिकून आग इझवून राहिला का?" असं आमच्या मुखेडच्या बाजारात लोक विचारतात. मी "हाव, इझवतो" म्हणतो. वर्दी मी छाती काढूनच घालतो.

आमच्या अग्निशमन ठाण्यातल्या सर्वांत जुन्या फायरमनला आम्ही मामा म्हणतो. मोठ्या गलमिश्यांचा माणूस. जिनिंगमध्ये कापूस पेटला की तोंडाला ओला रुमाल बांधून आत घुसायचा, बाहेर आल्यावर गुळाचा खडा चघळायचा. गुळानं धूर उतरतो म्हणे. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क, हे त्यांच्या मते नव्या पोरांचे लाड.

यंदाच्या तपासणीत नळीत फुंकायला लावलं, तर मामांचा दम अर्ध्यातच संपला. डॉक्टर म्हणाले, हा वर्षानुवर्षांचा धूर आहे, आता मास्कशिवाय आत जायचं नाही. आमचे दोन जुने सोबती रिटायर होऊन फार जगले नाहीत. एक कॅन्सरनं गेला, एक हृदयानं. मामांची पेन्शन जवळ आलेली. ती खायला मामा असावेत, एवढंच मला वाटायचं.

अडचण मिश्यांची. गालावरच्या केसांमुळे मास्क नीट बसेना, कडेनं धूर आत.

"मामा, गालावरच्या तेवढ्या काढा की."

"येडा हाय का? बाप जित्ता असताना मिशीला वस्तरा लावू? लोक म्हणतील म्हातारा गेला!"

त्यांचे वडील, आबा, ऐंशीच्या पुढचे, अहमदपूरकडं गावी असतात. सुट्टीच्या दिवशी एसटी धरून मी थेट त्यांच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. आबा लई हसले. मग मामांना फोन लावायला सांगून ओरडले, "ऐक रे! मिश्या ठिवून तू माझ्याआधी गेलास तर मला खांदा कोण देईल? आत्ताच्या आत्ता भादर!"

दुसऱ्या दिवशी मामा गाल गुळगुळीत करून ड्युटीवर आले. ठाण्यात कोणी ओळख दाखवेना, मुद्दाम. मामांनी मास्क चढवला, कुठून हवा शिरते का बघायला त्याच्या नळीवर हात दाबून श्वास ओढला. मास्क गच्च चिकटला. आतून काहीतरी बोलले, कुणाला कळलं नाही. मास्क काढून माझ्यावरच खेकसले, "बघत काय राहिलास? आबाला सांग, बसला म्हणावं!"

फोनवर आबा म्हणाले, "आता माझ्यासंगं शंभरी गाठ म्हण त्याला. एकट्याला करमत न्हाई."