पडद्यावरचे सहा चौकोन

घड्याळ दुरुस्तीचं दुकान दोघा भावांचं. थोरले भाऊ मशीन उघडायचे, धाकटा गिऱ्हाइकं सांभाळायचा. थोरल्यांना सगळे मास्तर म्हणत. डोळ्याला भिंग लावून बसले की कुणी दुकान उचलून नेलं असतं तरी त्यांना पत्ता लागला नसता. एकतीस वर्षं त्यांनी केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं उचलल्या, पण धाकट्याला पट्टा आणि सेल बदलण्यापलीकडे सरकू दिलं नाही. "तुझी बोटं दार ठोठावायला बरी," म्हणायचे.

सुट्या भागांची वेबसाइट जुन्या ब्राउझरमध्ये उघडेना, म्हणून धाकट्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर नवा ब्राउझर घातला. "दादा, जरा चालवून बघ. मी पार्सल देऊन येतो," म्हणाला आणि गेला.

मास्तरांनी उघडला. पडदा पांढराफटक, दवाखान्याच्या भिंतीसारखा. मधोमध एक प्रश्न होता, 'जुन्या ब्राउझरमधलं सगळं इथे आणायचं का?' इतक्या अदबीनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? शिवाय सुट्या भागांची यादी गेली तर धाकटा कटकट करणार. त्यांनी 'हो' दाबलं.

पडद्यावर सहा चौकोन उमटले. वर मथळा, 'तुम्ही नेहमी उघडता ती पानं'. पहिला चौकोन सुट्या भागांचा, दुसरा ईमेलचा. तिसऱ्यावर ठळक अक्षरं होती, 'हाताचा कंप : लक्षणे आणि उपचार'. चौथ्यावर, 'हात थरथरत असल्यास कोणती कामे टाळावीत'.

 सहा महिन्यांपासून मास्तरांचा उजवा हात थरथरत होता. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. धाकटा बाहेर असताना तीनदा, फक्त तीनदा, त्यांनी ही पानं वाचली आणि ब्राउझरची खिडकी बंद केली. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं, अशी त्यांची पक्की समजूत होती. जुना ब्राउझर बिचारा गप्प राहिला. नव्यानं पहिल्याच दिवशी चहाडी केली.

धाकट्याला कळलं तर टेबल सोडावं लागणार. मग मास्तर कसले? दुकानात बसून लोकांना 'या, बसा' म्हणणारा म्हातारा. 

चौकोनावर माउसचा बाण नेला की कोपऱ्यात मोहरीएवढी फुली दिसायची. ती दाबली की चौकोन जाणार, एवढं त्यांना उमगलं. बाण फुलीपाशी नेला, हात हलला आणि क्लिक भलतीकडेच बसलं. अख्खं पान उघडलं. घाईघाईनं मागे आले. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. परत चुकलं. आता हात कंपानं हलतोय की भीतीनं, तेही कळेना.  दार वाजलं तेव्हा सहाही चौकोन जागच्या जागी होते.

मास्तर पडद्यासमोर आडवे आले, पण लपवण्याइतके ते रुंद नव्हते. धाकट्यानं पडदा पाहिला आणि स्टूल ओढून शेजारी बसला.

"मी तीनदाच बघितलंय," मास्तर पुटपुटले. "हे 'नेहमी' म्हणतंय. खोटं बोलतंय ते."

"खोटं नाही, दादा. ही पानं मी रोज बघतो."

मास्तरांना पुढचं ऐकायचं नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"झाले की पाच महिने. तू दुपारी जेवायला गेलास की तुझी घड्याळं मी परत उघडतो. स्प्रिंग नीट बसवतो, मग गिऱ्हाइकाला देतो."

"तुला कुठे येतं ते?"

"एवढी वर्षं समोर बसून बघतोय तुला."

मास्तरांना राग यायला हवा होता, पण ते आणखीच घाबरले. ज्याची एवढी धास्ती घेतली होती ते कधीच होऊन गेलं होतं, त्यांच्याच टेबलावर, ते घरी जेवत असताना. त्यांनी घाईनं आठवायला सुरुवात केली. या पाच महिन्यांतलं एखादं तरी घड्याळ आपल्या हातचं असेल.

"परवा त्या मुख्याध्यापिका बाई येऊन गेल्या," ते म्हणाले. "पंधरा वर्षांत घड्याळ असं चाललं नव्हतं म्हणाल्या. हात जोडले मला. ते तरी माझं ना?"

धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला,

"ते तर तीनदा उघडावं लागलं, दादा."