नाव नसलेलं वळण

समजा, तुम्ही जीप चालवताय. एकतीस वळणांचा घाट चढायचाय. शेजारच्या सीटवर मुकादम आजोबा बसलेत. हनुवटीपर्यंत घोंगडी, डोक्यावर कानटोपी, छातीवरून आवळलेला पट्टा. परवा सकाळीच ते वारलेत. आणि प्रत्येक वळण येण्याआधी तुम्ही ते त्यांना मोठ्यानं सांगायचंय, नाव घेऊन.

त्या डोंगराळ मुलखात गेलेल्या माणसाला पठारावरच्या मातीत पोचवायची हीच रीत. कधी घरची आठवण झालीच, तर परतीची वाट सापडावी, म्हणून ड्रायव्हरनं वळणं सांगायची. एक जरी राहिलं, तर गाडी पायथ्याशी नेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्या सकाळी स्टेअरिंगवर धाकटी होती. तिच्या बाबांनी बावीस वर्षं ही फेरी केली, पण आता मोतीबिंदूमुळे त्यांना दगड आणि शेळी सारखेच दिसत. फेरी बिनचूक झाली तर जीपची किल्ली कायमची धाकटीची, नाहीतर चुलतभावाची, असं घरात ठरलं होतं. वर्षभर कपडे धुताना, केस विंचरताना धाकटी वळणं घोकत होती. आज तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. क्लचवर तेवढे ठरवावे लागत होते.

मागे बाबा, चुलतभाऊ आणि मुकादमांची बायको, म्हणजे आजी, दाटीवाटीनं बसले होते.

“आजोबा, पुढे कोपर. डावीकडे.”

“जरा मोठ्यानं सांग पोरी,” आजी म्हणाल्या. “जिवंत होते तेव्हाही त्यांना नीट ऐकू यायचं नाही.”

कोपर झालं, म्हातारीचा गुडघा झाला, शिंक झाली, उलटी चप्पल झाली. दर वळणाला आजोबांचं डोकं हळूच कलायचं, जणू पटलं. धाकटीला हुरूप चढत गेला, तशी गाडीही.

“धाकटे, वऱ्हाड नाही नेत आहेस,” चुलतभाऊ म्हणाला. “सावकाश.”

“बरं दादा. तसंही आजोबांना कुठे घाई आहे?”

आजी खुदकन हसल्या.

तेवीस वळणं झाली आणि धाकटीनं करकचून ब्रेक लावला. गेल्या वर्षी इथं दरड कोसळली, रस्ता गेला, आणि मुकादमांनीच बाजूनं नवा काढला. या नव्या वळणावरून धाकटी भाजीच्या पाट्या घेऊन शंभरदा गेली होती. पण त्यानंतर गावात कुणी वारलंच नव्हतं, त्यामुळे या वळणाला नावच पडलं नव्हतं. पाठ केलेली एकतीस, हे बत्तिसावं.

“न सांगता गेलीस तर चुकलीस,” चुलतभाऊ पुढे झुकला. “मनानं काहीतरी ठोकून दिलंस तरी चुकलीस. उतर, मी घेतो.”

धाकटीनं आरशात बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होते. मग ती आजींकडे वळली.

“आजी, आजोबा घरी या वळणाला काय म्हणायचे?”

“म्हणणार काय? तीन महिने शिव्या घालत होते. बूट काढता काढता रोज एकच. आज पण त्या चेंगटानं हातभर जागा दिली नाही.”

धाकटीनं हँडब्रेक सोडला.

“आजोबा, पुढे चेंगट. उजवीकडे.”

जीप वळली. आजोबांचं डोकं कललं.

“चेंगटच आहे मेलं,” पाठ टेकत चुलतभाऊ पुटपुटला.

उरलेली आठ वळणं तिनं अशी सांगितली, की समोरच्या डोंगरातल्या गुराख्यानं मान वर करून पाहिलं.

आजोबांना पठारावर पोचवून घाट उतरताना बाबांनी किल्ली मागितली नाही. चेंगटापाशी मात्र ते बोलले, “इथं वळायची गरजच नव्हती. सरळ पुढचा खडक मऊ होता. महिन्यात काम झालं असतं. मी मुकादमांना सांगितलंही होतं.”

“मग?”

“मग काय. ऐकू यायचं नाही ना त्यांना.”

आजी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अजूनही भाजी घेऊन जाताना तिथं गिअर बदलला, की धाकटी शेजारच्या मोकळ्या सीटला विचारते, आजोबा, सरळ जाता येत होतं, तर तुम्ही इथं वळलात कशासाठी?